टिटवी लिफ्टने वर आली

परवा टिटवी लिफ्टने वर आली. एवढंच झालं, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

बाहेर कुणाला सांगितलं तर लोक हसतील. सव्वीस वर्षांची मुलगी दिवसभर काम करून दमून आली, इमारतीला लिफ्ट आहे, ती लिफ्टने वर आली. यात घाबरण्यासारखं काय? पण आमच्या घरात लिफ्ट तिच्या बाबांची आणि जिना तिचा, अशी वाटणी आहे. हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहेत. टिटवी लहान होती तेव्हापासून बापलेकीची शर्यत लागायची. हे खाली लिफ्टमध्ये शिरायचे आणि दार मिटता मिटता ही ओरडायची, "बाबा, मी गेले!" चौथ्या मजल्यावर दार उघडलं की समोर उभी, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. ते काटकुळे लांब पाय आणि वेळीअवेळी आरडाओरडा, म्हणून ह्यांनीच तिचं नाव टिटवी ठेवलं. कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी जिना सोडला नाही. हातात सामान असलं की सामान लिफ्टने पाठवायची आणि स्वतः पळत यायची.

परवा लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, मला वाटलं शेजारचे असतील. तर ही. बाहेर येताना एक हात भिंतीला टेकलेला.

हे तर खूशच झाले. "शेवटी पोरीला बापाच्या धंद्याची कदर आली म्हणायची!"

"तुमची लिफ्ट चालते का ते बघत होते," ती म्हणाली आणि बूट न काढताच खोलीत गेली.

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

ती बायकांना व्यायाम शिकवते. कॉमर्स झाल्यावर एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं भरत होती. संध्याकाळी बायकांच्या एका व्यायामशाळेत जायची. एक दिवस तिथल्या शिकवणाऱ्या बाई आल्या नाहीत, हिने उभं राहून वर्ग घेतला, आणि मोठ्या मॅडमनी तिला ठेवूनच घेतलं. व्यायामशाळा त्यांची. तरुणपणी थाळी फेकायच्या, साठी उलटली तरी खांदे अजून दारात मावत नाहीत. हॉल एका काचेच्या दुकानाच्या वर आहे. वर कुणी वजन धपकन टाकलं की खालून दुकानदार ओरडतो, "अहो बाई, माझ्या काचा!" त्यामुळे टिटवी प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: वजन ठेवायचं, टाकायचं नाही. बायका म्हणतात, या दुकानदारामुळेच आमचे गुडघे टिकले.

मी तिच्या वर्गात गेले ती नाइलाजाने. माझी पाळी जाऊन काही काळ झाला होता, मनगटात कळ यायची, तपासणीत हाडं विरळ झालीत असं निघालं. मला वाटलं आता जपून चालायचं, जड काही उचलायचं नाही. टिटवी म्हणाली, "उलट आहे आई. आजवर तुझे हार्मोन हाडांची राखण करत होते. आता ती राखण गेली. आता हाडांना काम दिलं नाहीस तर ती कशाला टिकतील?" आणि मला रिकामी लोखंडी दांडी उचलायला लावली. वर्गात मला आई म्हणत नाही. "तिसऱ्या रांगेतल्या बाई, पाठ सरळ!" असं म्हणते, आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघून हसतात.

तिच्या वर्गात सगळ्यांना एक व्यायाम नसतो. तीन महिन्यांच्या बाळाची आई येते, तिला उड्या बंद. तिने आधी आडवं पडून श्वास घ्यायचा, ओटीपोट आत ओढायचं, आणि बाळ रडलं की खुशाल उठून जायचं. शाळकरी मुली येतात, त्यांना उडीवरून उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत हे शिकवते, आणि वजनकाट्याजवळ फिरकू देत नाही. आमच्या वयाच्या बायकांना हातपाय गरम करायला जास्त वेळ, मग वजन जड पण कमी वेळा, आणि ज्यांच्या अंगातून एकदम वाफा निघतात त्यांची जागा खिडकीपाशी. सत्तरीच्या एक आजी आहेत, त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवलं. आता त्या बसमध्येसुद्धा उठून दाखवतात.

आणि रबरं. दाराशी एका खिळ्यावर केसांची रंगीत रबरं लटकवलेली असतात. आत येताना आपलं आपण एक घ्यायचं आणि मनगटात घालायचं. पाळी चालू असेल तर पिवळं. झोप झाली नसेल, वाफा येत असतील तर निळं. कुठे दुखत असेल तर लाल. सगळं ठीक असेल तर हिरवं. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. टिटवी रांगेतून फिरते, मनगट बघते आणि हळूच एखादीची वजनं बदलते. पिवळं असलं म्हणजे व्यायाम नको, असंही नाही. "एखादीला त्या दिवशी दुप्पट जोर येतो, एखादीला उभं राहवत नाही. रंग बघून मी फक्त विचारते, कायदा करत नाही," असं ती म्हणते. बँकेत काम करणाऱ्या बाई रोज निळं घालतात. त्यांचं म्हणणं, नवरा घोरतो त्याला रंग नाही, म्हणून निळ्यावर भागवते.

शिकवणारीनेही रबर घालायचं, हा मॅडमचा नियम. टिटवीच्या हातात हिरवं असतं.

काही आठवड्यांपूर्वीची गोष्ट. हॉलमध्ये जड दांडीचं स्टँड एकच आहे, त्यामुळे तिथे रांग लागते. टिटवी ओरडली, "चला, कुणाची पाळी?"

केक करून विकणारी एक बाई आहे, आम्ही तिला केकवालीच म्हणतो. ती म्हणाली, "माझी तर कायमची गेली गं बाई!"

हॉल असा हसला की खालून दुकानदाराने छताला काठी लावली. बँकवाल्या बाई म्हणाल्या, "माझी जाता जात नाहीये, घेऊन जा कुणीतरी." आजी म्हणाल्या, "माझी कधी गेली ते आठवतसुद्धा नाही, पण दांडीची पाळी माझी आहे, सरका."

त्या गलक्यात टिटवी म्हणाली, "माझीही गेली."

आणि आम्ही आणखी हसलो. कारण तीही सकाळपासून रांगेत होती आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाला पुढे करत होती. आम्हाला वाटलं ती दांडीबद्दल बोलतेय. मी तर म्हणालेसुद्धा, "घे, माझ्या आधी घे."

तिने दांडी मला दिली.

त्याच सुमारास शाळेतली एक मुलगी तिच्याकडे आली होती. शाळेच्या संघात पळणारी, गालफडं बसलेली, सोबत तिची आई. आई कौतुकाने सांगत होती, हिने गोड सोडलंय, भात सोडलाय, सकाळ-संध्याकाळ पळते. टिटवीने मुलीला बाजूला घेतलं. मी बाकावर बूट बांधत होते, म्हणून ऐकू आलं.

"पाळी येते?"

"चार महिने नाही. पण ताई, पळणाऱ्यांचं असं होतंच ना? सर म्हणाले, चांगलं आहे, कटकट नाही."

"सरांना आली होती का कधी?" टिटवी म्हणाली. मुलगी हसली. मग टिटवी म्हणाली, "दुखतं कुठे?" मुलीने नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवलं. "एका पायावर उडी मार. त्याच पायावर."

मुलीने पाय उचलला, पण उडी मारवेना. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे स्नायूचं दुखणं नाही," टिटवी तिला आणि तिच्या आईला म्हणाली, अगदी हळू आवाजात. "इंजिन चालू आणि तेल नाही, असं झालं की शरीर आधी पाळी बंद करतं. पाळी गेली की हाडांची राखण गेली. त्याच हाडावर रोज पळलं की चीर पडते. आज पळायचं नाही. उद्याही नाही. आधी डॉक्टर." मुलगी रडायला लागली, स्पर्धा तोंडावर आली होती. टिटवीने तिला जवळ घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही. मॅडमचाच नियम आहे तो: तीन महिने पाळी नाही, तर पळणं बंद, कुणीही असो. त्या मुलीच्या हाडात खरोखरच चीर निघाली. नशीब, हाड पूर्ण मोडलं नव्हतं. मला त्या दिवशी आपल्या मुलीचा इतका अभिमान वाटला होता.

मग परवा ती लिफ्टने वर आली. आणि काल वर्गात केकवाली माझ्या कानाशी लागली. "काय हो, तुमच्या टिटवीला पिवळं रबर कधी बघितलं नाही मी. बारा महिने हिरवी! आम्हाला नाही मिळाली अशी सुटी."

ती गमतीने बोलली. दांडी मी ठेवली नाही, टाकली. खालून ओरडा आला, "अहो बाई!" आणि मी मात्र समोर बघत राहिले. आरशात माझी मुलगी उभी होती. गळ्याखालची हाडं वर आलेली. सगळं वजन उजव्या पायावर. मनगटात हिरवं रबर, आणि ते मनगट इतकं बारीक की रबराला दोन वेढे दिलेले. "माझीही गेली" म्हणाली होती. आम्ही सगळ्या हसलो होतो.

तिच्या स्वतःच्या पळण्याचं हे सगळं आहे. इकडे बायकांना वय बघून, झोप बघून, अंगात काय चाललंय ते बघून शिकवते. आणि स्वतः पहाटे एका पळणाऱ्यांच्या गटात जाते. तिथे सर सगळ्यांना एकच वेळापत्रक देतात. बाप्ये, बायका, विशीतला, पन्नाशीतली, सगळ्यांना तेच. आणि वर म्हणतात, अंग जितकं हलकं तितका वेग. तलावाभोवतीची मोठी शर्यत येत्या रविवारी आहे. गेल्या वर्षी ती शेवटच्या टप्प्यात बसली आणि उठलीच नाही. या वर्षी ठरलेल्या वेळेत पोचली तर बाहेरच्या मोठ्या शर्यतीला तिचं नाव लागेल. वर्षभर तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. जेवताना भात माझ्या ताटात सारते, "तुला गरज आहे, हाडं." मी खुळी, खात बसले.

काल घरी आल्यावर मी तिच्या खोलीत गेले आणि दार लावलं. ती पायाला बर्फ लावून बसली होती. मला बघून टॉवेल ओढला.

"उभी राहा," मी म्हणाले.

"काय झालं?"

"एका पायावर उडी मार."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हसली, उभी राहिली आणि उजव्या पायावर उडी मारली. एक, दोन, तीन. नाटकी, हात पसरून, लहानपणी करायची तशी. "झालं? पास?"

"दुसऱ्या."

"आई, खालचे लोक ओरडतील."

"एकदाच मार."

ती बसली. टॉवेलचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मी विचारलं, "कधीपासून नाही आली?"

"पळणाऱ्यांचं असं होतं गं."

"हे मला त्या शाळेतल्या मुलीने आधीच सांगितलंय. कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

आता थंडी आहे. माझं वय बावन्न आणि तिचं सव्वीस, आणि आम्ही दोघी एकाच पायरीवर उभ्या आहोत. माझी राखण वयाने गेली. तिची तिने स्वतः पाठवून दिली.

"तूच सांगतेस ना सगळ्यांना..."

"मला माहीत आहे मी काय सांगते!" ती ओरडली, आणि लगेच आवाज उतरवला, कारण बाहेर हे होते. "मला सगळं माहीत आहे आई. म्हणूनच डॉक्टरकडे गेले नाही. गेले की ते थांबवणार. एक रविवार. फक्त एक रविवार जाऊ दे, मग तू म्हणशील ते करते. भात खाते, सहा महिने झोपून राहते."

"आणि त्या रविवारी हाड मोडलं तर?"

"नाही मोडत."

"त्या मुलीलाही तसंच वाटत होतं."

तिने माझा हात धरला. तिचे हात बर्फाने गार पडले होते. "मॅडमना सांगू नकोस. त्या सरांना फोन करून माझं नाव काढायला लावतील, वर्गही बंद करतील. आई, माझी शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली नाही. पण नाहीही म्हणाले नाही. तिला वाटलं, घेतली.

आज जेवताना हे उत्साहात होते. "मी रविवारची पाळी बदलून घेतलीय," म्हणाले. "शेवटच्या वळणावर उभा राहणार. ही आली की ओरडणार, टिटवी, मी गेलो!"

पाळी हा शब्द आमच्या घरात वर्षानुवर्षं ह्यांचाच. दिवसपाळी, रात्रपाळी. आज तो कानावर पडला आणि मी हातातला घास ताटात ठेवला. टिटवीने मान वर केली नाही. ह्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "काय गं, भांडलात का?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "उद्या लांबचं पळायचंय. शर्यतीआधीचं शेवटचं. लवकर झोपते."

उठताना तिने टेबल धरलं. ह्यांनी ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

आता घर झोपलंय. मी स्वयंपाकघरात लिहीत बसलेय, कारण अंथरुणात पडलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: तलावाचा रस्ता, अंधार अजून गेलेला नाही, ती सगळ्यांच्या पुढे, आणि तो पाय. आवाज कसा येत असेल तेही मी मनात ऐकते. मग उठून तिच्या दारापाशी जाते आणि परत येते. मघाशी फ्रीजमध्ये पाहिलं तर बर्फाचा ट्रे रिकामा होता. सकाळी मी भरलेला. पळून झाल्यावर दुखतं ते स्नायूचं, आणि बसल्या जागी, झोपल्यावरही दुखतं ते हाडाचं. हे मला तिनेच शिकवलंय, तिसऱ्या रांगेतल्या बाईंना.

तिला खोलीत कोंडता येणार नाही. बूट लपवले तर ती अनवाणी जाईल, मी ओळखते तिला. ह्यांना उठवलं तर हे आधी घाबरतील, मग रागावतील, मग ती म्हणेल "बाबा, एक रविवार", आणि हे विरघळतील. आजवर तिला कुणी थांबवलं असेल तर त्या मोठ्या मॅडमनी. गेल्या वर्षी शर्यतीत बसली तेव्हा त्यांनीच तिला खांद्यावर टाकून आणलं होतं, आणि ती शिव्या देत होती तरी खाली ठेवलं नव्हतं.

मॅडम रोज पहाटेच व्यायामशाळेचं दार उघडतात, टिटवी त्यांच्या दारावरूनच तलावाकडे जाते. त्यांनी तिला नुसतं हाक मारून आत घेतलं आणि म्हटलं, उडी मार, तरी पुरे. त्यांच्यापुढे ती उजवा पाय नाचवणार नाही.

ती माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे. महिनाभर, कदाचित वर्षभर. वर्गात मला तिसऱ्या रांगेतून काढून टाकेल. आई म्हणून यापुढे मला काही सांगेल का, याचीच मला जास्त भीती वाटते, कारण न सांगता ती काय काय सोसू शकते ते आता मी बघितलंय. पण जिन्याने धावत वर येऊन माझ्याशी न बोलणारी मुलगी मला चालेल. दार उघडून तोंड फिरवू दे, धापा टाकत फिरवू दे.

मोबाइल समोर आहे. मॅडमचा नंबर काढलाय. सकाळची वाट बघत बसले तर ती माझ्याआधी उठेल, आणि तिचा चेहरा बघून मी पुन्हा गप्प बसेन. इतक्या रात्री फोन वाजला की मॅडमही दचकून उठतील, काय झालं म्हणून घाबरतील.

घाबरू देत. लावतेच.